पुण्यसंचय, कृपा आणि अधिकार : गडकरी, टिळक आणि पंडिता रमाबाई

२३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरच्या उत्तरेस असलेल्या सावनेर या गावी राम गणेश गडकरी यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या ९ तारखेस मुंबईत नारायण वामन टिळक निवर्तले. वाङ्मयेतिहासाच्या कालपटात या दोन तारखा एकमेकींच्या शेजारी येतात आणि तेवढ्यावरच त्यांचा संबंध संपतो. एकाची नोंद नाटककार आणि 'गोविंदाग्रज' म्हणून, दुसऱ्याची 'फुलामुलांचे कवी' म्हणून. एकाचा विचार रंगभूमीच्या प्रकरणात, दुसऱ्याचा केशवसुतांच्या पिढीतील निसर्गकवींच्या प्रकरणात. परंतु आयुष्याच्या अखेरच्या तीनचार वर्षांत हे दोघेही, एकमेकांपासून सर्वस्वी स्वतंत्रपणे, एकाच प्रश्नापाशी येऊन ठेपले होते : माणूस तरतो तो कशाने? स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या सुकृताच्या बळावर, की ज्याच्यावर त्याचा कसलाही हक्क नाही अशा एखाद्या देण्यामुळे? हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे म्हणून समीक्षेने तो बाजूला ठेवला. तो बाजूला ठेवल्यामुळे काही साहित्यकृतींचे वाचन अपुरे राहिले.

प्रथम सिद्धांताविषयी, कारण मराठी समीक्षेत त्याचा उल्लेख होतो तो बहुधा चुकीच्या अंगाने. 'विश्वासाने तारण, कर्मांनी नव्हे' या ख्रिस्ती प्रतिपादनाचा अर्थ आपल्याकडे 'भक्ती श्रेष्ठ, कर्मकांड कनिष्ठ' असा लावला जातो आणि मग संतांनी हेच सांगितले होते असे म्हणून विषय संपवला जातो. पण पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातून सोळाव्या शतकात ल्यूथरने जो अर्थ काढला, त्यातील 'कर्मे' म्हणजे केवळ यज्ञयाग, उपास किंवा तीर्थाटन नव्हे. त्यात दया, दान, सत्य, परोपकार ही सगळी निखळ नैतिक कृत्येही येतात. माणसाचे सर्वोत्तम वर्तनदेखील देवासमोर त्याला नीतिमान ठरवायला पुरेसे नाही, हे त्या म्हणण्यातील बोचरे टोक आहे. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचा जर्मन अनुवाद करताना ल्यूथरने मूळ ग्रीकमध्ये नसलेला 'केवळ' हा शब्द घातला आणि त्याच नव्या करारातील याकोबाच्या पत्राला, जे कर्मांवाचूनचा विश्वास निर्जीव मानते, गवताच्या काडीइतकी किंमत दिली. हा वाद पुढे कॅथलिक परंपरेने १५४७ च्या ट्रेंट परिषदेत स्वतःच्या बाजूने बांधून काढला आणि १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे दोन्ही बाजूंनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, तोवर तो साडेचारशे वर्षे जिवंत होता. इतका काळ टिकणारा वाद केवळ 'भाव महत्त्वाचा' एवढ्यावर झालेला असणे शक्य नाही. या सिद्धांतात सत्कृत्ये निरर्थक नाहीत. ती फळ आहेत, मूळ नव्हेत. आणि विश्वास हेदेखील आणखी एक पुण्यकर्म नाही; तो केवळ रिकामा पसरलेला हात आहे.

मराठीत आल्यावर या विचाराला जो शब्द मिळाला तो मोठा सूचक आहे. 'मोक्ष' आणि 'मुक्ती' हे शब्द हाताशी असताना ख्रिस्ती मराठीने 'तारण' हा शब्द रूढ केला. भवसागर तरून जाण्याची, तारकाची, नावाड्याची संतवाणीतील सारी प्रतिमासृष्टी त्यात आहे. पण याच शब्दाला बाजारातला दुसरा अर्थ आहे : कर्ज काढताना सावकाराकडे ठेवायची वस्तू. गहाण दागिना हेही तारण आणि आत्म्याची सुटकाही तारण. ऋणको, सावकार, खंडणी, फेड ही पौलाची देवघेवीची भाषा मराठीत अशा रीतीने एका शब्दाच्या पोटात आपोआप येऊन बसली. ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करणाऱ्यांनी या द्व्यर्थाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक 'पुण्य' या शब्दाचे व्यवहारही याच पेढीवर चालतात. पुण्य जोडले जाते, साठवले जाते, क्षीण होते आणि उदक सोडून दुसऱ्याला देताही येते.

गडकऱ्यांचे 'पुण्यप्रभाव' हे नाटक या शेवटच्या कल्पनेवर उभे आहे. वसुंधरेच्या अभिलाषेने आणि सूडबुद्धीने पेटलेला वृंदावन तिला आपल्या कह्यात आणतो. तिचे मूलही त्याच्या हाती सापडते. शस्त्र, युक्ती, बाहेरची मदत यांपैकी काहीही निर्णायक ठरत नाही. निर्णायक ठरते ते वसुंधरेचे पातिव्रत्य. तिच्या पुण्याच्या तेजाने खलपुरुषाचे हृदयपरिवर्तन होते आणि नाटकाचे शीर्षक सार्थ होते. या परिवर्तनाला मानसशास्त्रीय आधार नाही, ते कृत्रिम आहे, असा आक्षेप वास्तववादी समीक्षेने घेतला. आक्षेप खरा आहे, पण तो चुकीच्या दाराशी उभा आहे. वृंदावन स्वतः बदलतच नाही. त्याच्यावर काहीतरी घडते. वसुंधरेच्या खात्यात जमा झालेले पुण्य त्याच्या खात्यात वळते केले जाते. हा मनोव्यापाराचा भाग नसून हस्तांतराचा आहे. मध्ययुगीन युरोपातील चर्चने संतांच्या अतिरिक्त पुण्याचे एक भांडार कल्पिले होते आणि त्या भांडारातून पाप्याला सूट देता येते अशी व्यवस्था उभारली होती. १५१७ मध्ये ल्यूथरचा निषेध सुरू झाला तो नेमका या सुटीच्या व्यापारावरून. मराठी रंगभूमीवर हे भांडार संतांऐवजी सतीच्या हाती आहे, एवढाच फरक. सत्यवान-सावित्रीपासून चालत आलेली ही कल्पना प्रेक्षकाच्या इतकी अंगवळणी पडलेली होती, की गडकऱ्यांना तिचे समर्थन करण्याची गरजच भासली नाही.

आणि मग 'एकच प्याला'. हे नाटक गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्येच रंगभूमीवर आले. येथेही पतिव्रता आहे, तीही वसुंधरेपेक्षा तसूभर कमी नाही. सिंधू दळणे दळते, उपाशी राहते, माहेरची श्रीमंती नाकारते आणि शेवटच्या श्वासापर्यंत पतीला दोष देत नाही. 'पुण्यप्रभाव'च्या नियमानुसार सुधाकर सुधारायलाच हवा होता. तो सुधारत नाही. मूल मरते, सिंधू मरते आणि सुधाकर स्वतःच्या हाताने शेवटचा प्याला पितो. या नाटकावरची बहुतेक चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे : ते दारूबंदीचे प्रचारनाट्य आहे की शोकात्मिका, आणि शोकात्मिका असेल तर सुधाकराचा स्वभावदोष कोणता. अवमानित स्वाभिमान हे उत्तर साधारणपणे मान्य झालेले आहे. पण नाटकाचा मधला भाग नीट पाहिला तर वेगळीच गोष्ट समोर येते. सुधाकराला आपली चूक कळलेली आहे. तो दारू सोडण्याचा निश्चय करतो, निश्चयाने घराबाहेर पडतो आणि त्याच निश्चयाच्या मोडतोडीतून पुन्हा प्याल्याकडे येतो. त्याच्याकडे ज्ञानाची उणीव नाही, पश्चात्तापाची नाही, प्रेमळ माणसांची तर मुळीच नाही. उणीव आहे ती संकल्प तडीस नेणाऱ्या शक्तीची. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नकोसे वाटते तेच होते, ही अवस्था पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात वर्णिली. १५२५ मध्ये इरॅस्मसशी वाद घालताना ल्यूथरने तिलाच 'इच्छाशक्तीचे दास्य' म्हटले. गडकऱ्यांनी पौल वाचला असो वा नसो, त्या प्रभावाचा शोध येथे अभिप्रेत नाही. महत्त्वाचे हे की ज्या नाटककाराने काही वर्षांपूर्वी पुण्याच्या हस्तांतरावर नाटक रचले, त्यानेच सतीचे पुण्य तिच्याबरोबरच सरणावर जाते असे नाटक मागे ठेवले. सिंधूच्या त्यागाने सुधाकराचे पाप कमी होत नाही. उलट त्या त्यागाच्या शेजारी ते अधिकच उघडे पडते. पुण्याचा पूर्ण साठा समोर असताना माणूस बुडतो, याची एवढी कठोर मांडणी तत्कालीन मराठी नाटकात दुसरीकडे सापडत नाही. मात्र गडकरी तेथेच थांबतात. पुण्याची पेढी बुडाली, एवढे ते दाखवतात. त्यानंतर काय, हा प्रश्न त्यांच्या नाटकाच्या कक्षेत नाही. कदाचित त्यांना तो दिसलाही नसेल.

टिळकांची वाट उलट्या टोकाकडून सुरू होते आणि तीही नागपूर परिसरातून. तोवर नागपूरला हा सिद्धांत नवा राहिला नव्हता. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्येच येथे आले होते. कर्मांनी कोणी तरत नाही असे सांगणाऱ्या या मिशनऱ्याचे नाव विदर्भात आज उरले आहे ते शाळा, भूगर्भसंशोधन, गोंडांविषयीच्या टिपणांचा संग्रह आणि त्याच्या नावाचे महाविद्यालय यांमुळे, म्हणजे सर्वस्वी कर्मांमुळे. इतिहासाला असे विनोद सुचतात. टिळकांना नव्या कराराची प्रत मिळाली ती १८९३ मध्ये नागपूर-राजनांदगाव मार्गावरच्या आगगाडीत, एका अपरिचित युरोपियन सहप्रवाशाकडून. दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत त्याने केले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. चरित्रकारांनी ही कथा तिच्या नाट्यमयतेसाठी पुष्कळदा सांगितली. तिच्यातील एक तपशील मात्र सहसा विचारात घेतला जात नाही. टिळकांना त्या पुस्तकात ज्याने धरून ठेवले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरचे प्रवचन होते. पौलाची पत्रे नव्हेत. म्हणजे ते ख्रिस्ताकडे आले ते कृपेच्या सिद्धांतातून नव्हे, तर एका अतिउच्च नीतिधर्माच्या ओढीने. दुसरा गाल पुढे करा, शत्रूवर प्रीती करा, उद्याची चिंता करू नका : हे प्रवचन म्हणजे ल्यूथरच्या दृष्टीने माणसाला त्याची असमर्थता दाखवणारा आरसा. टिळकांना प्रथम तो आदर्श वाटला.

आदर्शापासून कृपेपर्यंतचा हा प्रवास टिळकांच्या धार्मिक कवितेत कसा घडतो, हे पाहण्याऐवजी समीक्षेने त्यांना 'ख्रिस्ती वारकरी' ठरवून टाकले. या वर्णनाला टिळकांनी स्वतःच आधार पुरवला आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार सर्वश्रुत आहेत. 'अभंगांजली'चा छंद, ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून हाक मारणे, भजन-कीर्तनाचा त्यांनी मंडळीत रुजवलेला प्रघात हे सारे त्याच दिशेने बोट दाखवते. तरीही पूल आणि पैलतीर यांत फरक असतो. वारकरी परंपरेतही भक्त स्वतःच्या पुण्याचा दावा करत नाही. तो पतित आहे आणि देव पतितपावन आहे. पण तेथे पापाची निरवानिरव होते ती नामाने, आणि नाम हे नित्य, कोणत्याही क्षणी, कोणाच्याही जिभेवर उपलब्ध आहे. पौलाच्या विचारात ती होते एका घटनेने, जी इतिहासात एकदाच, पिलाताच्या अंमलात, यरुशलेमच्या वेशीबाहेर घडली. भक्ताच्या अंतःकरणात काहीही घडण्यापूर्वी ती घडून गेलेली आहे. नाम जपायचे असते, घटनेवर विसंबायचे असते. एकीत भक्ताच्या स्मरणाला कर्तृत्वाचा अंश उरतो, दुसरीत तोही काढून घेतला जातो. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत वानरीच्या पिलाचा आणि मांजरीच्या पिलाचा जो प्रसिद्ध वाद झाला तो याच्या बराच जवळ जातो; पण मांजरीलाही तारीख आणि स्थळ नसते.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तुलनेसाठी नेहमी वारकरी संप्रदाय घेतला जातो, आणि तेही विदर्भातील अभ्यासकांकडून. वास्तविक रिद्धपूर नागपूरहून फार दूर नाही. महानुभावांच्या द्वैती विचारात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य भिन्न आहेत. देवतांची उपासना मर्यादित, संपणारी फळे देते; मोक्ष देणे केवळ परमेश्वराच्या हाती आहे. तो परमेश्वर विशिष्ट काळी, विशिष्ट देहाने, विशिष्ट गावांतून हिंडला म्हणूनच म्हाइंभटांना 'लीळाचरित्र' रचावे लागले. ऐतिहासिक सन्निधानाला इतके महत्त्व देणारी दुसरी मराठी परंपरा नाही. तिचा आचारधर्म कडक आहे आणि त्या अंगाने ती ल्यूथरपासून दूर जाते, हे खरे. तरीही टिळकांच्या ख्रिस्तकेंद्री कवितेला तुकोबांइतकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक उपयुक्त असा तुलनेचा आधार चक्रधरांकडे होता.

टिळकांनी हा विचार शेवटी कवितेपेक्षा कृतीतच पूर्णत्वाला नेला. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनी सेवेतून बाहेर पडून साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त अपेक्षित होते. केवळ विश्वासाने तारण होत असेल तर बाप्तिस्मा या विधीचे स्थान काय, हा प्रश्न प्रॉटेस्टंट मिशनांनी विचारायला हवा होता आणि तो विचारला एका मराठी कवीने. भगव्या वाटेवरचा हा संन्यास म्हणजे ख्रिस्ती धर्माचे हिंदूकरण, असे त्याचे वर्णन केले जाते. ते वरवरचे आहे. सिद्धांताच्या आतून पाहिले तर दरबाराची कल्पना ही त्या सिद्धांताचीच तार्किक परिणती ठरते.

या सर्व चर्चेत पंडिता रमाबाईंचे स्थान मध्यवर्ती असायला हवे होते. १८५७ मध्ये बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ने विधवांच्या व्रतवैकल्यांची व्यर्थता कादंबरीच्या रूपात मांडली होती खरी. पण ती बाहेरून, युक्तिवादाने. रमाबाईंनी ती पायांनी चालून पाहिली होती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कुटुंबासह वर्षानुवर्षे तीर्थयात्रा केल्या, पुराणे सांगितली, उपास केले, दाने दिली. दुष्काळ आला तेव्हा उरलेले द्रव्यही देवब्राह्मणांच्या तुष्टीसाठी खर्ची पडले आणि १८७४ मध्ये आईवडील दोघेही गेले. कर्ममार्गावर इतक्या निष्ठेने, इतकी वर्षे आणि इतक्या अपयशाने चाललेल्या कुटुंबाचे दुसरे वृत्तांत आधुनिक काळात विरळाच. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मात्र १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले ते असे की, त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो सापडायला पुढे आठ वर्षे लागली. ज्यांनी धर्मांतर हा ओळखबदलाचा एक क्षण मानला त्यांना हे विधान अडचणीचे वाटते. रमाबाईंच्या मते बाप्तिस्मा, मंडळीची शिस्त, वाँटेजच्या भगिनींचे आज्ञापालन हीदेखील पुन्हा एकवार कर्मेच होती. व्रते बदलली, व्रतस्थपणा तोच राहिला.

याच साक्षीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्यामुळे हा सिद्धांत मराठी समाजाच्या संदर्भात निव्वळ धर्मशास्त्रीय राहत नाही. शास्त्रग्रंथ एरवी परस्परविरोधी असले तरी स्त्री मुळातच दुष्ट आहे आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही यावर त्यांचे एकमत असल्याचे त्यांना दिसले. कर्माने तरायचे तर कर्माचा अधिकार हवा. वेदाध्ययनाचा, यज्ञाचा, संन्यासाचा अधिकार ज्यांना नाही त्यांनी करायचे काय? पुढल्या जन्मी अधिकारी देह मिळावा म्हणून या जन्मी सेवेचे पुण्य साठवायचे. सिंधू आणि वसुंधरा हे ज्या पुण्याचे भांडार आहेत ते असे आहे : स्त्रीने साठवायचे आणि पुरुषाने वापरायचे. 'कर्मांनी नव्हे' या दोन शब्दांनी रमाबाईंसाठी ही अधिकाराची उतरंडच मोडून पडली. जे मिळवता येत नाही ते कोणाला नाकारताही येत नाही. केडगावच्या संस्थेसाठी त्यांनी 'तारण' हा रूढ शब्द न घेता 'मुक्ती' हा शब्द घेतला. शास्त्रांनी स्त्रीला नाकारलेला नेमका तोच शब्द. मराठी बायबलच्या नव्या भाषांतरासाठी झिजणाऱ्या विदुषीने ही निवड अजाणता केली असेल असे मानणे कठीण आहे. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याच सूत्रात बसत नाही, आणि ते बरेच आहे. 'स्मृतिचित्रे'त पापक्षमेचा, वधस्तंभाच्या अर्थाचा ऊहापोह जवळजवळ नाही. त्यांच्या मनातला निर्णायक बदल घडतो तो जातीचा विटाळ गळून पडताना, कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला मन तयार होताना. सिद्धांत न उच्चारता त्याचा सामाजिक अर्थ त्यांनी घरातल्या पाण्याच्या भांड्यापाशी गाठला. टिळकांच्या मृत्यूनंतर 'ख्रिस्तायन' पुरे करण्याचे काम याच बाईंनी अंगावर घेतले.

या मांडणीला सर्वांत गंभीर आव्हान मिळाले तेही नागपुरातच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो धम्म स्वीकारला, त्यात पूर्वजन्मीच्या कर्मांचा हिशेब तर फेटाळलेला आहेच, पण कृपा देणारा तारकही नाकारलेला आहे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बुद्धविषयक ग्रंथात बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मांडले. अधिकाराची उतरंड मोडण्यासाठी रमाबाईंना कृपेची गरज भासली; आंबेडकरांच्या दृष्टीने जो मिळवावा लागत नाही असा मोक्ष हेही अवलंबित्वाचेच रूप होते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दयेवर जगवले गेले, त्याला पुन्हा दयेचीच भाषा कशी द्यायची? दलित ख्रिस्ती लेखनाला या प्रश्नाशी झटावे लागते आणि टिळकांच्या अभंगांत त्याचे उत्तर शोधून सापडत नाही. टिळकांचा भक्त पतित आहे तो स्वतःच्या पापाने. ज्याला इतरांनी पतित ठरवले त्याच्यासाठी त्यांच्याकडे करुणा आहे, निराळी भाषा नाही.

दरम्यान पाठ्यपुस्तकांत टिळक 'केवढे हे क्रौर्य' आणि फुलांच्या कवितांपुरते राहिले. त्यांची जी पदे मराठी मंडळ्यांतून दर रविवारी पेटी-तबल्यावर गायिली जातात, ती वाङ्मयीन विवेचनाच्या कक्षेत घेण्याचा प्रयत्न फारच थोड्यांनी केला. आणि 'एकच प्याला'च्या अभ्यासात सुधाकराच्या मोडलेल्या निश्चयापेक्षा तळीरामाच्या विनोदावर आजही अधिक पाने खर्च होतात.